भागोजी नाईक

नाशिकहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सिन्नर तालुक्याच्या दक्षिण भागात नांदूर शिंगोटे हे गाव आहे. सभोवार उघड्याबोडक्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीतून वाट काढीत जाणारा रस्ता, असा तो प्रदेश आहे. इ. स. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला असता याच टेकड्यांवरून एका माजी पोलीस अंमलदाराने कंपनी सरकारला आव्हान दिले. ते शूर पुरुष म्हणजे भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक होत.

भिल्ल हे डोंगरदऱ्यांचे रहिवासी. रानातील पाऊलवाटा त्यांना तळहातावरील रेषांप्रमाणे ठाऊक असत. म्हणूनच पूर्वीच्या काळी घाट, खिंडी व रस्ते राखण्याचे, गावाचा पहारा करण्याचे आणि चोरांचा माग काढण्याचे काम त्यांच्याकडे असे. या चाकरीबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल सुरू झाला. जुनी व्यवस्था हळूहळू मोडली व पुष्कळांचे हक्क गेले. जे काल रस्त्यांचे राखणदार होते, त्यांच्याकडेच नवे सरकार संशयाने पाहू लागले.

त्या वेळी नाशिकचा स्वतंत्र जिल्हा नव्हता; तो इ. स. १८६९ मध्ये झाला. सिन्नरचा मुलूख तेव्हा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याच्या पोलीस दलाचे वरिष्ठ अधिकारी बहुधा लष्करातून आलेले इंग्रज असत. या दलात भागोजी नाईक यांनी अंमलदार म्हणून चाकरी केली. त्यामुळे आपल्या मुलखाबरोबरच सरकारी शिपायांची रीतही त्यांना चांगली अवगत झाली.

परंतु इ. स. १८५५ मध्ये त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. दंगा केल्याचा व पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा आरोप त्यांच्यावर शाबीत झाला आणि त्यांना कैदेची शिक्षा झाली. ज्या दलाचे ते अंमलदार होते, त्याच दलाच्या दृष्टीने ते अपराधी ठरले. सुटका झाल्यावरही एक वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्यांच्याकडून घेण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम सोडला. हत्यार हेच ज्याच्या उपजीविकेचे व अब्रूचे साधन, त्याला हा हुकूम कसा मानवावा? भागोजींनी गाव सोडले. थोड्याच दिवसांत सुमारे पन्नास भिल्ल त्यांना येऊन मिळाले. गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेच्या टप्प्यात राहील अशा जागी त्यांनी ठाण मांडले.

ही बातमी कळताच पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री शिपायांसह नांदूर शिंगोटे येथे आला. त्याने सिन्नर व अकोले येथील मामलेदारांकरवी शरण येण्याचा निरोप धाडला. भागोजींची मागणी साधी होती. दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढील निर्वाहाची काही तजवीज व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारला ही रक्कम मोठी नव्हती. पण ती देण्याऐवजी हेन्रीने चढाईचा हुकूम दिला. तो दिवस ४ ऑक्टोबर १८५७ चा होता. टेकडीवरून सुटलेल्या पहिल्याच गोळीने हेन्रीच्या मागचा मनुष्य कोसळला. हेन्री घोड्यावरून उतरून पुढे सरसावला, पण तोही गोळी लागून ठार झाला. शिपायांचा धीर सुटला व त्यांना माघार घ्यावी लागली.

या वार्तेने सारा भिल्ल समाज खडबडून जागा झाला. १८ ऑक्टोबरला शमशेरपूरच्या डोंगरात सरकारी फौजेशी पुन्हा चकमक झाली. डोंगरातील माणसाचा माग डोंगरातील माणसासच लागतो, हे जाणून सरकारने कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली कोळ्यांची खास पलटण उभारली. एकाच सह्याद्रीची लेकरे अशा रीतीने एकमेकांसमोर उभी राहिली. पुढे दोन वर्षे भागोजी रानोमाळ फिरत लढत राहिले. या धामधुमीत काही गावे लुटली गेली आणि गोरगरिबांनाही त्याची झळ पोहोचली, हेही विसरता येत नाही.

जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळ आंभोरे येथील दऱ्यात झालेल्या चकमकीत भागोजींचा पुत्र यशवंत मारला गेला. पुत्रवियोगाचे दुःख गिळून पित्याने झुंज चालूच ठेवली. अखेर नोव्हेंबर १८५९ मध्ये फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याने पाठलाग करून सिन्नर तालुक्यातील मिठसागरे गावाजवळ त्यांना गाठले. तेथे लढता लढता भागोजी नाईक आपल्या अनेक साथीदारांसह धारातीर्थी पडले. हाच सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

ज्याने रस्ते राखले, त्यालाच रस्ता रोखून उभे राहावे लागले, ही भागोजींच्या जीवनाची करुण कहाणी आहे. राज्य केवळ शस्त्रबळावर चालत नाही. चाकरी करणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला आणि माणूस म्हणून मान मिळाला, तरच त्याची निष्ठा टिकते. कंपनी सरकारने ही गोष्ट ओळखली नाही आणि तिची किंमत दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपल्या प्राणांनी चुकती केली.