यिल्माझ गुने : तुरुंगातून ‘कान’पर्यंतचा रस्ता

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘एर्तुगरुल’ मालिका आवडीने पाहिली गेली. पण त्याच तुर्कीचे मोठे कलावंत यिल्माझ गुने आपल्याला फारसे माहीत नाहीत.

१ एप्रिल १९३७ रोजी अदाना शहराजवळच्या खेड्यात, एका गरीब कुर्द कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रूढ अर्थाने ते देखणे नव्हते, तरी पडद्यावर इतके गाजले की लोक त्यांना ‘कुरूप राजा’ म्हणू लागले. १९७० च्या ‘उमुत’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेल्या टांगेवाल्याची कहाणी दाखवली. गरिबीचं हे चित्र सरकारला रुचलं नाही, सिनेमावर बंदी आली.

लिखाणापायी आणि डाव्या विद्यार्थ्यांना आसरा दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. पण पुढची एक गोष्ट आपण झाकून ठेवू नये. १९७४ मध्ये एका भांडणात गोळी लागून एक न्यायाधीश मरण पावले. कोर्टाने गुने यांना दोषी ठरवून लांब मुदतीची शिक्षा दिली.

तुरुंगात बसून ते बारीकसारीक तपशिलांसह पटकथा लिहीत आणि बाहेरचे सहकारी त्या चित्रित करत. ‘योल’, म्हणजे रस्ता, शेरीफ गोरेन यांनी असाच चित्रित केला. त्यात पाच कैदी रजेवर घरी निघतात. बाहेर १९८० च्या लष्करी बंडानंतरची दहशत आणि घरात इज्जतीच्या नावाखाली बायकांवर होणारा जुल्म, दोन्ही त्यात दिसतं. १९८१ मध्ये गुने स्वतःच रजेवर असताना देशाबाहेर निसटले आणि युरोपात त्यांनी संकलन पूर्ण केलं.

मे १९८२ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात हा फरार कैदी हजर झाला. तुर्की सरकारने त्यांना परत मागितलं, पण ते हाती लागले नाहीत. ‘योल’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही चिलीतल्या लष्करी बंडावरच्या ‘मिसिंग’सोबत विभागून. सरकारने पुढे त्यांचं नागरिकत्व काढलं. पडद्यावर ‘कुर्दिस्तान’ हा शब्द झळकवणारा ‘योल’ तुर्कीत १९९९ पर्यंत बंद राहिला.

९ सप्टेंबर १९८४ रोजी पॅरिसमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७. दफनही तिथेच झालं, मायदेशाची माती नशिबी आली नाही.

त्यांना फरिश्ता ठरवायचं कारण नाही. एका घरातला माणूस त्यांच्यामुळे गेला, ते दुःख खरंच आहे. पण ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं, त्यांची कैफियत त्यांनी जगापुढे नेली, हेही तितकंच खरं. इन्साफाने बोलायचं तर आपल्याला दोन्ही लक्षात ठेवावं लागेल.