बेळगावचे फडेप्पा चौगुले : धावले पुष्कळ, सांगितलं कुणी नाही

मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा ही नावं आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. पण फडेप्पा दारेप्पा चौगुले हे नाव विचारलं तर शिक्षकसुद्धा एकमेकांकडे पाहतात. आपल्या देशातून ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावून पूर्ण करणारा हा पहिला माणूस. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

चौगुलेंचा जन्म १९०२ चा, बेळगावचा. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्या काळात मैदानी खेळांसाठी ठिकठिकाणी संस्था उभ्या राहत होत्या. आपल्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला होता आणि सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या स्पर्धांत टाटांनी शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना पाहिली. या पोरांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेलं नाही, तरी त्यांचा वेग युरोपच्या धावपटूंच्या फार मागे नाही, हे त्यांनी हेरलं. मग त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला, सरकारची मदत मिळवली आणि १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पला भारताचा पहिला संघ रवाना झाला.

संघ छोटाच, काही धावपटू आणि दोन पैलवान. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि ए. एच. ए. फैजी सोबत होते. पैसा आणि धडपड पारशी टाटांची, देखरेख करणाऱ्यांत एक मुसलमान, धावणारा बेळगावचा मराठी मुलुखातला पोरगा. देशाच्या संघाचं ऑलिम्पिकमधलं पहिलं पाऊल असं सगळ्यांनी मिळून टाकलं. ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

२२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. आज मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. अँटवर्पचा रस्ता मात्र ४२ किलोमीटर ७५० मीटरचा होता. ऑलिम्पिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. वर पाऊस आणि गारठा. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत शर्यत जिंकली. १८ वर्षांच्या चौगुलेंनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत ती पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. सवयीची हवा नाही, सवयीचं जेवण नाही, तरी गडी मध्येच थांबला नाही.

१९ वा नंबर म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण पुढे १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग ११ वे आले आणि ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये भारताचा तोच आजवरचा सर्वात वरचा क्रमांक आहे. हे लक्षात घेतलं की चौगुलेंची किंमत कळते.

मग नाव का राहिलं नाही? आम्हाला एक कारण स्पष्ट दिसतं. त्या दिवशी इकडे घराघरात शर्यत पोहोचवणारा आवाजच नव्हता. आपल्याकडे रेडिओ कंपनी आली १९२७ मध्ये. १९३४ मध्ये मुंबईत पारशी विरुद्ध मुस्लिम हा क्रिकेट सामना झाला, तेव्हा बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवर धावतं वर्णन केलं आणि लोक कानांनी खेळ पाहायला शिकले. क्रिकेटला सांगणारा मिळाला म्हणून क्रिकेटचे खेळाडू घरचे झाले. चौगुले रेडिओच्या आधी धावले. १९५२ मध्ये ते गेले तेव्हाही त्यांची शर्यत कुणी ऐकलेली नव्हती.

आज अकोला-अमरावतीत फजरनंतर मैदानावर गेलं की पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी आपली पोरं दिसतात. काही जणांच्या पायात धड बूट नसतात. त्यातला एखादा जिल्ह्यात पहिला येतो आणि मोहल्ल्यालाही पत्ता नसतो. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी एवढं तरी करावं : पोरगं धावलं की त्याची वेळ वहीत लिहून ठेवावी, शाळेच्या फलकावर नाव लावावं, जुम्याच्या नमाजनंतर चार लोकांत सांगावं. मेहनत त्यांची आहे, ती सांगण्याची जबाबदारी आपली.