डॉ. विष्णू माधव घाटगे : आपल्या देशाचे विमान आखणारा माणूस



विमानाचा शोध कोणी लावला, असे गुरुजींनी विचारले की आपण सगळे हात वर करतो आणि राइट बंधूंचे नाव सांगतो. पण आपल्याच देशात आखलेले आणि कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेले पहिले विमान कोणाचे, असे विचारले तर वर्गात सामसूम! ते विमान म्हणजे ‘एचटी-२’. आणि ते ज्यांनी आखले ते होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या गावी झाला. राइट बंधूंचे विमान प्रथम उडाले ते १९०३ साली. म्हणजे जगात विमान येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या काळी खेड्यातल्या मुलाला विमान बघायलासुद्धा मिळत नसे, मग बनवणे दूरच. पण विष्णूचे गणित पक्के होते. गणिताच्या जोरावर ते शिकत शिकत पुढे गेले आणि थेट जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात पोचले.

तिथे त्यांना गुरू मिळाले लुडविग प्रांटल. वाहत्या हवेचे शास्त्र ज्यांनी उभे केले तेच हे प्रांटल. विमानाचा पंख थोडा तिरपा ठेवला की तो समोरून येणारी हवा खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर उचलते. पण हाव धरून पंख फार तिरपा केला तर काय होते? पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर पाठीवरून सुटतो, उचल संपते आणि विमान खाली येऊ लागते. हा पातळ थर प्रांटल यांनी १९०४ साली जगाला समजावून सांगितला. अशा गुरूंच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परत आले.

पण परत येऊन करायचे काय? देशात विमानाचा कारखानाच नव्हता. तो १९४० साली बंगळूरला सुरू झाला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने तो काढला. नाव हिंदुस्तान एअरक्राफ्ट. घाटगे तिथे कामाला लागले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. आपल्या कल्याणजवळ नेवाळीला जी धावपट्टी झाली तीही याच युद्धाच्या काळातली बरं का! कारखान्यात मुख्य काम होते परदेशी विमाने जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे. तशा धामधुमीतही घाटगे यांनी दहा माणसे बसतील असे बिनइंजिनाचे विमान, म्हणजे ग्लायडर, आखले. शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग निघाला, तिथे ते मुलांना शिकवू लागले. एकट्याने विमान होत नाही, त्याला शिकलेली माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आता हवाई दल आपले, वैमानिक आपले. पण ज्यावर उडायला शिकायचे ते विमान मात्र विलायती. टायगर मॉथ हे त्याचे नाव. एकावर एक असे दोन पंख आणि वर कापड. सुटा भाग लागला तरी परदेशाकडे बघायचे आणि पैसा तिकडे धाडायचा. आपले विमान आपल्याला आखता येईल का, असा प्रश्न होता. पुष्कळांना ते अवघड वाटणे साहजिक होते, कारण तसे काम आपल्याकडे कोणी केलेलेच नव्हते.

शिकाऊ विमान आखणे म्हणजे लढाऊ विमानापेक्षा सोपे, असे कोणाला वाटेल. पण बघा, सायकल शिकताना आपण किती वेळा पडतो! नवा वैमानिकही चुकणारच, आणि आभाळात पडून चालत नाही. म्हणून शिकाऊ विमानाने चूक पोटात घालायची असते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे धातूचे, एका पंखाचे, दोन जणांचे विमान आखले. पुढेमागे दोन जागा, आणि दोन्हीकडे चालवण्याचा दांडा. शिष्य चुकला की गुरूने लगेच विमान सावरायचे. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत पावणेअकरा मीटरच्या आसपास.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते आकाशात नेले. विमान उडाले आणि सुखरूप उतरले! तीन-चार वर्षांचे आकडे, आराखडे, खिळे आणि पत्रे यांची त्या दिवशी परीक्षा होती, आणि ती पास झाली. पुढे अशी दीडशेहून जास्त विमाने तयार झाली. तीसहून अधिक वर्षे आपल्या हवाई दलातले कितीतरी तरुण याच विमानावर पहिले धडे शिकले. आफ्रिकेतल्या घाना देशालाही आपण ती दिली. जो देश शिकाऊ विमान बाहेरून आणत होता, तोच दुसऱ्याला देऊ लागला.

घाटगे तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५८ साली ‘पुष्पक’ हे छोटे हलके विमान उडाले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड आणि शेजारी शेजारी दोन जागा. गावोगावच्या फ्लाइंग क्लबांत हौशी मंडळी त्यावर उडायला शिकली. नंतर १९६४ साली ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान उडाले. त्याच्या आखणीचे प्रमुखही घाटगेच. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, मानपाड्याच्या आभाळातून विमान गेले की आपण माना वर करतो आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहतो. विमान चालवावे असे पुष्कळांना वाटते. पण ते कोणीतरी आधी कागदावर आखलेले असते, आणि आखायला लागते गणित. गणिताचा तास कंटाळवाणा वाटला तर हसूरचंपूच्या या मुलाची आठवण करा. आणि पालकहो, घरात मूल कागदाची विमाने करून पसारा घालत असेल, तर रागावण्याआधी ते किती लांब जाते तेवढे एकदा मोजायला सांगा.