विश्लेषण : मीठ खारट का लागते? पदवी परीक्षेत जेमतेम तरलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट

चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले की क्षणात खारट लागते. जीभ पूर्ण कोरडी असेल, तर मात्र चव लागत नाही. मीठ विरघळल्यावर त्याचे नेमके काय होते, हे कोडे सोडवले ते स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी. त्यासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली असती.

कोडे काय होते?

अऱ्हेनियस यांचा जन्म १८५९ चा, उप्सालाजवळच्या वीक गावचा. कोरड्या मिठातून वीज वाहत नाही, शुद्ध पाण्यातूनही जवळपास नाही. मग मिठाच्या पाण्यातून ती कशी वाहते? वीज सोडल्यावर मिठाचे कण फुटतात, असे तेव्हा मानले जाई. अऱ्हेनियस यांचे म्हणणे उलटे होते : मीठ पाण्यात पडताच फुटते, विजेची वाट पाहत नाही. त्यातून धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड असे आयन सुटे होतात.

विरोध का झाला?

सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो आणि क्लोरीन हा विषारी वायू. मग ते दोन्ही खाऱ्या पाण्यात गुपचूप कसे राहतील, असा आक्षेप होता. मूळ अणू आणि विद्युतभारित आयन यांचे गुणधर्म वेगळे असतात, हे तेव्हा पचनी पडणारे नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाने २५ वर्षांच्या अऱ्हेनियस यांचा प्रबंध खालच्या श्रेणीत कसाबसा उत्तीर्ण केला. अशा श्रेणीवर विद्यापीठात शिकवण्याची संधी मिळणे कठीण होते.

पारडे कसे फिरले?

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. रिगाचे प्राध्यापक विल्हेल्म ओस्टवाल्ड तो वाचून थेट उप्सालाला आले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. त्यानंतर उप्सालानेही त्यांना अध्यापनाची जागा दिली. १८८७ मध्ये सिद्धांत पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. एकेकाळी या सिद्धांताकडे पाठ फिरवणारे उप्सालाचे प्राध्यापक क्लेव्ह तेव्हा नोबेल समितीत होते.

मग खारट चव कशी लागते?

लाळेत मीठ विरघळते, आयन सुटे होतात. सोडियमचे आयन जिभेवरील स्वादपेशींच्या सूक्ष्म वाटांतून आत शिरतात. त्यांच्या धनभाराने पेशीत विद्युत बदल होतो आणि मज्जातंतूंमार्फत संदेश मेंदूत पोहोचतो. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. पोटॅशियमचे आयनही खारट लागतात, पण मागे किंचित कडवटपणा ठेवतात.

अऱ्हेनियस यांचे १९२७ मध्ये निधन झाले. आज आयन शाळेच्या पुस्तकात आहेत. रोजच्या आमटीतही तेच असतात.