असई ते वॉटर्लू

वॉटर्लूचा विजेता ऑर्थर वेलस्ली याचा जन्म १७६९ साली डब्लिन येथे झाला. नेपोलियनही त्याच वर्षी जन्मला. १७९७मध्ये वेलस्ली भारतात आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्याने दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या कितीतरी मोठ्या फौजेचा पराभव केला. मात्र या विजयासाठी त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. मराठ्यांच्या तोफखान्याचा तो तडाखा होता.

१८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधील वॉटर्लूजवळ त्याची नेपोलियनशी गाठ पडली. रात्रीच्या पावसाने जमीन चिखलमय झाल्याने फ्रेंचांचा हल्ला लांबला. एव्हाना ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या वेलस्लीने टेकाडाच्या उताराआड सैन्य ठेवून तग धरला. दुपारनंतर ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य येऊन थडकले आणि नेपोलियनच्या सत्तेचा अस्त झाला. विजय दोघांचा होता. कीर्तीचा मोठा वाटा वेलिंग्टनला मिळाला.

१८२८मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. १८५२मध्ये त्याचे निधन झाले. उत्तरायुष्यात स्वतःच्या सर्वोत्तम रणकर्तृत्वाविषयी विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतल्याची नोंद आहे.