शास्त्रवाचनाचे व्रती संत जेरोम

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या १५१४ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात संत जेरोम आपल्या अभ्यासिकेत लिहीत बसलेले दिसतात. समोर सिंह पहुडला आहे आणि भिंतीवर कार्डिनलची टोपी टांगलेली आहे. सिंह दंतकथेतला आणि टोपी नंतरच्या काळातली. जेरोम यांच्या जीवनातले खरे आहे ते हे वाचन आणि लेखन. पवित्र शास्त्राचे वाचन हा प्रत्येक श्रद्धावंताचा नित्यनेम असला पाहिजे, हा विचार कॅथलिक परंपरेत त्यांच्याइतक्या आग्रहाने फार थोड्यांनी मांडला.

सुमारे ३४७ साली रोमन साम्राज्यातील स्ट्रिडोन या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते रोमला आले. डोनेटस या नामवंत व्याकरणकाराकडे त्यांनी लॅटिनचे धडे गिरवले आणि तिथेच बाप्तिस्माही घेतला. व्हर्जिल व सिसेरो यांच्या भाषासौंदर्याने त्यांना इतके भारून टाकले होते की, संदेष्ट्यांचे ग्रंथ हाती घेतले तर त्यांची भाषा ओबडधोबड वाटे. पुढे एका गंभीर आजारात त्यांना स्वप्न पडले. न्यायासनापुढे उभे असताना त्यांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले. परंतु तू सिसेरोचा अनुयायी आहेस, ख्रिस्ताचा नव्हेस, असा ठपका त्यांच्यावर आला. या स्वप्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

सीरियातील कॅल्सिसच्या वाळवंटात त्यांनी एकांतवास पत्करला. तेथे ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू गृहस्थाकडून ते हिब्रू शिकू लागले. लॅटिनच्या लालित्यात मुरलेल्या जिभेला ते कंठ्य उच्चार जड जात. अनेकदा त्यांनी नाद सोडला आणि पुन्हा नव्याने सुरुवात केली.

३८२ साली ते रोमला परतले आणि पोप डॅमासस यांचे सचिव झाले. शुभवर्तमानांच्या लॅटिन प्रतींमध्ये त्या काळी विलक्षण गोंधळ होता. जितक्या प्रती तितके पाठ, अशी अवस्था. पोपच्या सांगण्यावरून जेरोम यांनी मूळ ग्रीकच्या आधारे चारही शुभवर्तमाने शुद्ध केली. याच काळात रोमच्या अॅव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला या विधवेच्या घरी शास्त्राभ्यासाचे एक मंडळ भरत असे. पॉला आणि तिची कन्या युस्टोकियम यांच्यासारख्या उमराव घराण्यातील स्त्रिया जेरोम यांच्याकडून शास्त्र शिकत. पॉला हिब्रू शिकून स्तोत्रे त्याच भाषेत गाऊ लागली. मार्सेला गुरूचे म्हणणे मुकाट मान्य करणारी नव्हती. ती प्रश्न विचारी, समाधान होईपर्यंत विचारी. जेरोम रोम सोडून गेल्यावर एखाद्या वचनाच्या अर्थावरून वाद झाला की लोक तिच्याकडे निवाड्यासाठी येत, आणि त्यांत धर्मगुरूही असत.

जेरोम यांचा स्वभाव तापट आणि लेखणी बोचरी. रोमच्या ऐषारामी धर्मगुरूंवर त्यांनी कोरडे ओढले होते. डॅमासस यांच्या निधनानंतर विरोधकांनी डोके वर काढले, पॉलाशी असलेल्या स्नेहावरूनही कुजबुज झाली आणि ३८५ साली त्यांना रोम सोडावे लागले. पॉलाच्या संपत्तीतून बेथलेहेम येथे मठ उभे राहिले. तेथील भगिनींना स्तोत्रे मुखोद्गत असणे आवश्यक होते आणि रोज शास्त्रातला काही भाग शिकणे हा नियम होता.

येथेच जेरोम यांनी हिब्रूवरून जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर केले. सुमारे १५ वर्षे चाललेले हे काम अनेकांना रुचले नाही. त्या काळी चर्चमध्ये प्रचलित असलेली लॅटिन भाषांतरे ग्रीकवरून झाली होती आणि लोकांच्या कानांना तीच सवयीची होती. उत्तर आफ्रिकेतील एका बिशपने जेरोम यांचे भाषांतर वाचताच सभेत गदारोळ उडाला. योना संदेष्ट्याला सावली देणारी वनस्पती लोकांच्या लेखी भोपळ्याचा वेल होती; जेरोम यांनी तिथे आयव्ही हा शब्द योजला होता. खुद्द संत ऑगस्टीन यांनी पत्र लिहून ही तक्रार कळवली. आजचे बहुतेक अभ्यासक ती वनस्पती एरंड मानतात. एका वेलीवरून भांडणाऱ्या त्या श्रोत्यांना शास्त्र किती जवळचे होते, हेही या प्रसंगातून दिसते.

पॉलाच्या नातीच्या शिक्षणाविषयी जेरोम यांनी तिच्या आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलीला हस्तिदंती किंवा लाकडी अक्षरे खेळायला द्यावीत. तिने आधी स्तोत्रे, मग नीतिसूत्रे, पुढे शुभवर्तमाने अशा क्रमाने वाचत जावे. रत्ने आणि रेशमापेक्षा तिला ग्रंथ प्रिय व्हावेत आणि त्यांतही सोनेरी नक्षीपेक्षा पाठाची शुद्धता मोलाची वाटावी, असे त्यांनी सुचवले. ज्याला शास्त्र ठाऊक नाही त्याला ख्रिस्तही ठाऊक नाही, अशी त्यांची धारणा होती.

४१० साली रोम लुटले गेले. त्या धामधुमीत झालेल्या मारहाणीनंतर मार्सेलाचा अंत झाला. निर्वासितांचे तांडे बेथलेहेमला येऊ लागले, तेव्हा जेरोम यांनी यहेज्केलवरील भाष्य बाजूला ठेवले. दिवस निर्वासितांच्या सेवेत जाई आणि लेखन रात्री दिव्याच्या उजेडात होई. वाचलेले शास्त्र कृतीत उतरवण्याची ती वेळ होती. ३० सप्टेंबर ४२० रोजी त्यांचे निधन झाले, असे परंपरा मानते.

त्यांचे भाषांतर पुढे 'व्हल्गेट' म्हणजे लोकप्रचलित या नावाने ओळखले गेले आणि १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते अधिकृत ठरवले. परंतु तोवर लॅटिन ही सामान्यांची भाषा उरली नव्हती. १५६४च्या नियमांनुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी लेखी परवानगी लागू लागली. लोकांना कळावे म्हणून ज्या भाषेत जेरोम यांनी शास्त्र आणले, तीच भाषा लोक आणि शास्त्र यांच्यामध्ये भिंत होऊन उभी राहिली. ही भिंत दूर व्हायला चार शतके लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचे आवाहन केले, तेव्हा आधार घेतला तो जेरोम यांच्याच विचाराचा. पोप फ्रान्सिस यांनी दरवर्षी एक रविवार देवशब्दासाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला, तोही ३० सप्टेंबरला, जेरोम यांच्या स्मृतिदिनी. अॅव्हेंटाइन टेकडीवरील त्या घरात गृहिणींच्या हाती शास्त्र देऊन जेरोम यांनी जे सुरू केले होते, त्याकडेच कॅथलिक धर्मसभा सोळाशे वर्षांनी परतली.