राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

आपला समाज आज घरे बांधतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. वकिलीच्या निमित्ताने अनेक बांधव साठेखत, कर्जाचे कागद आणि घराचा नकाशा घेऊन आमच्याकडे येतात. नकाशात मोठा हॉल असतो, गाडीची जागा असते, आणि (सांगायला लाज वाटते) कधी कधी वास्तुशास्त्रवाल्याने दिशा पाहून फिरवलेला दरवाजाही असतो. पुस्तकांची खोली मात्र आम्ही अजून एकाही नकाशात पाहिलेली नाही. बाबासाहेबांचे चरित्र आपण सत्याग्रह, परिषदा आणि संविधान यांच्या क्रमाने वाचतो. ते एकदा त्यांच्या घरांच्या क्रमाने वाचून पाहावे.

मनूने अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर ठरवून दिली. त्या व्यवस्थेतून रामजी सुभेदारांचे कुटुंब लष्कराच्या नोकरीमुळे बाहेर पडले. म्हणून १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म महारवाड्यात नव्हे, तर महूच्या लष्करी छावणीत झाला. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत हे कुटुंब राहिले, तेव्हा एकच खोली होती. त्याच खोलीत चूल, सरपण, जाते आणि बकरीसुद्धा. भीमराव लवकर झोपत. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर स्वतः आडवे होत. एका माणसाच्या झोपेपुरती जागा बापलेक वाटून घेत होते. १९०७ साली मॅट्रिक झालेला मुलगा या खोलीतला.

१९१७ चा सप्टेंबर महिना चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना भाड्याने एक खोली मिळाली नाही. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेले. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेब कमाठी बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हातात जगातल्या नामांकित विद्यापीठाची पदवी आणि बूड टेकायला जागा नाही! आजही आडनाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक भाड्याने गेलेला असतो, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. अशी तक्रार कोर्टात सिद्ध करणे किती अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

त्यानंतरचा मोठा काळ परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेला. तिथे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. महाडचा संगर १९२७ चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. हे दोन्ही लढे लढणारा सेनापती दोन खोल्यांच्या चाळीत राहत होता. माता रमाईने पैशापैशाचा हिशेब ठेवून इथेच संसार केला. पती परदेशी किंवा दौऱ्यावर, आणि एकामागून एक चार लेकरे गेली. वाचला तो यशवंत. दुसरीकडे पुस्तके वाढत होती. माणसांनाच जागा अपुरी, तिथे ग्रंथ कुठे ठेवणार?

म्हणून १९३० च्या सुमारास बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. वकिलीची मिळकत बेभरवशाची होती, बँकेचे कर्ज काढले. क्रमांक १२९ वर राहते घर आणि ९९ वर भाड्याने देण्यासाठी दुसरी इमारत, असा बेत होता. हे किती व्यवहारी नियोजन आहे पाहा. एका घराने दुसऱ्याचा भार उचलायचा. तळमजल्यावर कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांचे दोन भाग आणि वर ग्रंथालय व कार्यालय, अशी राजगृहाची रचना झाली. देखरेख दुसऱ्याकडे सोपवावी लागली, कारण बांधकामाची वर्षे १९३१ ते १९३३, म्हणजे नेमकी गोलमेज परिषदांची. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करारावर सही करावी लागली, तेव्हा दादरला काम सुरूच होते. समाजाच्या राजकीय घराचा पाया लंडनला घालायचा आणि मुंबईत स्वतःच्या घराचा, अशी ती धावपळ.

जागाही हिंदू कॉलनीची, पांढरपेशांच्या वस्तीची. बडोद्यात नाव लपवून राहावे लागलेल्या माणसाने इथे उघडपणे घर बांधले आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले. बिंबिसाराची ही नगरी. पहिली धम्मसंगीती इथलीच. येवल्याची घोषणा १९३५ ची आणि धम्मदीक्षा १९५६ ची. दारावरचे नाव या दोन्हींच्या आधीचे आहे. दुसऱ्या इमारतीचे नाव चारमिनार. ७ जुलै २०२० रोजी याच राजगृहाच्या आवारातल्या कुंड्या आणि खिडक्यांच्या काचा फोडल्या गेल्या. आंबेडकर कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि समाजाने ते पाळले.

रमाईला हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच तिने देह ठेवला. तिच्या नावाने महाराष्ट्र शासनाची रमाई आवास योजना आहे. घरकुल मंजूर होते, पण पायाखालच्या जागेचा कागद नावावर नसतो, म्हणून अनेकांचे काम अडते. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आपली आणि उतारा कोणाचा तरी. कार्यकर्त्यांनी गावोगावी आधी हे उतारे तपासले तर बरे होईल.

चारमिनारचे पुढे काय झाले? कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी बाबासाहेबांनी १९४१ साली ती इमारत विकली. राजगृह राखले. भाडे देणारी मालमत्ता गेली आणि ग्रंथ राहिले. हा सौदा आमच्या एकाही अशिलाला पटणार नाही! पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, तेव्हा बाबासाहेबांच्या संग्रहातील ग्रंथ तिथेही गेले.

१९४२ पासून दिल्लीत सरकारी निवासस्थाने मिळाली. मंत्रिपद सोडल्यावर २६, अलीपूर रोड हे घर होते, तेही त्यांच्या मालकीचे नव्हे. तिथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणून रात्री राजगृहात ठेवले. दर्शनासाठी हिंदू कॉलनीच्या गल्ल्या माणसांनी भरून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा त्याच दारातून दादरच्या चौपाटीकडे निघाली.